वर उचललेला हात

वैजूने हात वर उचलला आणि मी गजर धरला.

"विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल…"

डोळे मिटलेले, टाळ्या ठेक्यात, आवाज अगदी पोटातून. दोन-तीन आवर्तनं झाली असतील, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मागून कुणी उचलत नाहीये. कीर्तनात असं होत नाही. गजर सोडला की मंडळी तो झेलतातच, अगदी पेंगणारे म्हातारेसुद्धा. मी डोळे उघडले.

समोर देव नव्हता. पुस्तकांची कपाटं होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका माना वळवून माझ्याकडे बघत होत्या. आणि टेबलापाशी, एका हातात कादंबरी धरून, वैजू उभी होती. तिचा वर उचललेला हात चष्म्याच्या दांडीपाशी जाऊन तिथेच थांबला होता.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारी बसलेल्या आरवाडेकाकू मनाच्या फार चांगल्या. माझी लाज राखावी म्हणून त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, एकदा "विठ्ठल" म्हटलं, आणि मग त्यांचाही धीर सुटला.

"वैजूताई, पुढं वाचा की हो," एक तरुण मुलगी म्हणाली. "बस कुठली धरली तिनं?"

वैजूने चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली. पण तिचा आवाज आता कोरडा झाला होता. घटकाभरापूर्वी त्याच आवाजाने आम्हा सगळ्यांना एका परक्या गावच्या बसस्टँडवर नेऊन बसवलं होतं. कादंबरीतली मीनाक्षी तिथे पिशवी घेऊन उभी होती, आणि कुठल्या गाडीत चढावं हे तिला कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि नेमक्या त्या जागी माझ्या तोंडून विठ्ठल बाहेर पडला होता.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तरी वाचनालयातली ती शांतता आठवली की मी अजून मान खाली घालते.

वैजू म्हणजे वैजयंती. माझ्या यजमानांची मुलगी, माझी नव्हे. माझे यजमान त्र्यंबकबुवा खांबेटे कीर्तनकार होते. आमच्या खाडीकाठच्या गावांत त्यांच्याशिवाय उत्सव पार पडत नसे. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची, लग्न झालेलं नव्हतं, होईल असंही वाटत नव्हतं. बुवांचे पेटीवाले वारले तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं, आणि मी त्यांच्या साथीला बसायला लागले. पुढे आमचं लग्न झालं तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. गावात लोक म्हणाले, बाई पेटी वाजवायला आली आणि बुवाच घेऊन गेली. बुवा हे स्वतःच हसत हसत सांगायचे. लग्नानंतरही ते मला "द्वारकाबाई" म्हणायचे आणि मी त्यांना "बुवा".

वैजू तेव्हा सांगलीला संसारात होती. ती लग्नाला आली नाही. दिवाळीला यायची तीही कधी एखाद्या वर्षी, आणि बुवांचं कीर्तन असलं की बरोबर त्या वेळेला तिचं डोकं दुखायचं. आई फार लहानपणी गेली तिची. बुवांनी मला त्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

बुवा गेले ते उत्सवातच, कीर्तनाला उभे असताना. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण! वैजू आली, तेराव्यापर्यंत राहिली, सगळं नीट केलं. रडली नाही. मग एक दिवस भाड्याच्या त्या घरात भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्ही इथे एकट्या कशा राहणार? चला माझ्याकडे, थोडे दिवस."

ते "थोडे दिवस" मी बरोबर घेऊन सांगलीला आले. कपड्यांची एक पिशवी, देव, आणि खोळीत घातलेली पेटी. पेटी पलंगाखाली सरकवली. बुवा गेल्यापासून मी ती उघडली नव्हती.

त्या घरात मला त्रास म्हणाल तर कसलाच नव्हता. जावई हेमंत तर मोठा गमत्या माणूस. आल्या दिवसापासून मला "सासूबाई, सासूबाई" करायचा. पण वैजू मला कुठल्याच नावाने हाक मारायची नाही. आई म्हणणं तर शक्यच नव्हतं. मावशी नाही, काकू नाही. "ऐकलंत का," किंवा नुसतंच "अहो." आणि मी? तिला तू म्हणावं की तुम्ही, हे मला ठरवता येईना. म्हणून मी दोन्ही टाळून बोलायची. "चहा टाकायचा का?" "दळण आणायचंय का?" दाराशी कुणी आलं आणि "या कोण?" असं विचारलं, तर वैजू म्हणायची, "बाबांकडच्या." मग विचारणारा माझ्याकडे बघायचा, आणि मी हसायची. बाबांकडच्या म्हणजे कोण, हे त्यालाही कळायचं नाही, मलाही नाही.

वैजू त्या लहानशा वाचनालयात काम करायची. घरी येताना तिच्या पिशवीत भाजीबरोबर एक तरी कादंबरी असायचीच. जुन्या काळच्या नाहीत, आत्ताच्या. कुणाचं माणूस गेलेलं, कुणाचं घर सुटलेलं, कुणाला उशिरा कुणीतरी भेटलेलं. पोळ्या लाटताना ओट्यावर पुस्तक उघडं. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर ही तव्यापाशी उभी राहून घळाघळा रडतेय.

"काय झालं?"

"काही नाही. मीनाक्षी."

"कोण मीनाक्षी? आजारी आहे का?"

"कादंबरीतली हो."

"म्हणजे… खरी नाही?"

"नाही."

"मग रडायचं कशाला?"

तिने पोळी उलटली. ती करपली होती. "तुम्ही नव्हता का रडत कीर्तनात?"

"ते निराळं. तिथे देव असतो."

"इथे नसतो तेच बरं आहे," ती म्हणाली. "इथे कुणी समोर उभं राहून रडवत नाही. आपलं आपण रडायचं, आपलं आपण थांबायचं."

मला काही उमजलं नाही. बापासाठी जिच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, ती नसलेल्या बाईसाठी पोळी करपवते! मी देवापाशी बसले तेव्हाही तेच मनात. ही मुलगी दगडाची म्हणावी की मेणाची?

पण विठ्ठलाची करणी बघा. दर बुधवारी दुपारी वाचनालयात बायका जमायच्या आणि वैजू त्यांना कादंबरी वाचून दाखवायची. त्याची तयारी ती घरी करायची, मोठ्याने. मी आपली शेजारच्या खोलीत मेथी निवडत बसलेली. आधी नुसता आवाज कानावर यायचा. मग हळूहळू मीनाक्षी यायला लागली. नवरा गेलेला, सासरच्यांनी बाहेरची वाट दाखवलेली, ओळखीचं कुणी नाही अशा गावात जाऊन ती खानावळ चालवते. खोलीची मालकीण म्हातारी, तोंडाने फटकळ, ती एक दिवस म्हणते, "भाडं राहू दे, मला तुझी आमटी आवडते." मी मेथीची देठं पानांत टाकायला लागले.

"हेमंतराव," एकदा मी जावयाला हळूच विचारलं, "ती म्हातारी मीनाक्षीला ठेवून घेणार ना?"

"अहो सासूबाई, मला काय माहीत? मी कुठे वाचतो?" तो ओरडलाच. "वैजू, तुझी मीनाक्षी आता आमच्या सासूबाईंनाही लागली बरं का!"

आतून वैजूचं हसू ऐकू आलं. मी आल्यापासूनचं ते तिचं पहिलं हसू. त्या संध्याकाळी देवाला दिवा लावताना मी सगळ्यांचं मागून झाल्यावर म्हटलं, पांडुरंगा, त्या मीनाक्षीचंही बघ. आणि पुढच्या बुधवारी वैजूच म्हणाली, "येणार का वाचनाला? आज बसस्टँडचं प्रकरण आहे."

मी इरकल नेसून गेले. आणि तिथे तो गजर झाला.

येताना वैजू माझ्यापुढे चार पावलं चालत होती. एरवी ती माझ्या गुडघ्यांच्या बेताने चालायची. वाटेत एका शब्दाने बोलली नाही. घरी हेमंतने दार उघडलं.

"काय सासूबाई, रडलात की नाही?"

"त्यांनी कीर्तन केलं," वैजू म्हणाली, आणि पर्स टेबलावर टाकून आत गेली.

"कीर्तन? वाचनालयात?" हेमंत हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. "अहो, असू दे. लोकांनी टाळ्या तरी वाजवल्या की नाही?"

"एका बाईंनी वाजवल्या. दोन."

मला त्या मुलीचं मन कळत नव्हतं, पण तिच्या वाटेत आपण पाय पसरून बसलोय एवढं कळलं. बापाचं कीर्तन नको म्हणून ही सांगलीला आली, आणि मी ते पिशवीत घालून तिच्या मागोमाग आणलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी रत्नागिरीला माझ्या बहिणीच्या मुलाला, मिलिंदला, फोन केला. तो बिचारा केव्हापासून म्हणत होता, "मावशी, आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे."

"रविवारी जीप घेऊन येतो," तो म्हणाला. "पण झालं काय? भांडण?"

"छे रे. भांडायला आधी काही लागतं."

वैजूला मी शनिवारी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरं," म्हणाली, आणि त्याच कपड्याची घडी मोडून पुन्हा घातली.

रविवारी सकाळी माझी आवराआवर चाललेली. देव डब्यात ठेवले. पलंगाखालून पेटी बाहेर ओढली, खोळीवरची धूळ पुसत होते, तेवढ्यात वैजू दारात येऊन उभी राहिली. केस विंचरायचे राहिलेले, हातात फणी तशीच.

"मिलिंद कशाला येतोय?"

"न्यायला. सांगितलं ना काल."

"जा म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग?"

"राहा म्हणूनही कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली. कुणाच्या घरात राहून असं बोलू नये.

ती काही वेळ दाराच्या चौकटीवर फणीचे दात ओढत राहिली. मग एकदम म्हणाली, "त्या दिवशी का केलंत तसं? मला कीर्तन चालत नाही, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं."

"मग सगळ्यांसमोर?"

"तू हात उचललास म्हणून." पहिल्यांदा मी तिला तू म्हटलं. घाईत निघून गेलं.

"मी चष्मा सारत होते!"

"हो, ते मला नंतर दिसलं. पण बुवा असाच उचलायचे गं. तळवा वर, बोटं जराशी वाकलेली, मनगट सैल सोडलेलं. कीर्तनात उभ्याने बोलून बोलून दम लागायचा, किंवा कंठ दाटायचा, की त्यांचा हात असा वर जायचा. मी गजर धरायची. मंडळी म्हणत राहायची, तोवर बुवा श्वास घ्यायचे. एवढी वर्षं तो हात दिसला की माझं तोंड उघडतं. मी काही ठरवून केलं नाही."

वैजूने फणी पलंगावर ठेवली आणि स्वतःचा हात वर केला. आधी मुद्दाम, कसातरी. मग मनगट सैल सोडलं. त्या हाताकडे ती असं बघत होती, जसा काही कुणी दुसऱ्याचाच तिच्या अंगाला लावून दिलाय.

"मी असा उचलते?"

"हुबेहूब."

ती पलंगाच्या कडेला बसली. मी खाली जमिनीवर, पेटीपाशी.

"शेवटच्या दिवशी," ती म्हणाली, "कुठलं आख्यान लावलं होतं त्यांनी?"

तेरा दिवसांत तिने हे विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना ते भाग्याचं मरण तेवढं सांगायचं असायचं. कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, त्यात निरूपण. मग बुवांच्या गळ्यात हार घालतात, बुक्का लावतात, आणि उत्तररंगात गोष्ट सांगतात, ते आख्यान. बुवांचं आख्यान त्या दिवशी नवं होतं.

"त्यांनी स्वतः रचलेलं," मी म्हटलं. "पोथीतलं नव्हे. एका नावाड्याचं."

"नावाड्याचं?"

"खाडीवर एक नावाडी असतो. कुणी हाक मारली की होडी सोडणार. नाही म्हणून म्हणायचा नाही. ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका. पलीकडच्या माणसांना तो देवासारखा. त्याची एक लहान मुलगी असते. एक दिवस पलीकडे उत्सव असतो आणि नावाडी माणसं उतरवत तिकडेच अडकतो. इकडे सांज होते. मुलगी धक्क्यावर येऊन उभी राहते. घरी आई आजारी. तिने मुलीला धाडलेलं असतं, बाबांना बोलावून आण म्हणून. मुलगी हाक मारते."

माझा आवाज नकळत बुवांच्या चालीवर गेला होता. वैजूच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष नव्हतं.

"बुवांनी ती हाक मारली. कीर्तनात मारतात तशी सुरात नव्हे. अगदी पोरीच्या आवाजात. 'बाबाऽऽ!' देवळात टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि त्यांनी हात उचलला. मी गजर धरला."

"पुढे?"

"पुढे नाही."

"म्हणजे?"

"मी डोळे मिटूनच गजर म्हणते. सगळं देऊळ उठून म्हणायला लागलं, असा रंग मी कधी बघितला नव्हता. मला आनंद झाला गं. मी आणखी एक आवर्तन, आणखी एक, अशी वाढवतच गेले. डोळे उघडले तर बुवा खांबाला टेकून खाली बसलेले. गळ्यात हार. हात मांडीवर." मी पेटीची खोळ उगीचच पुन्हा पुसली. "तो हात दम घ्यायला वर गेला होता, की मला बोलावत होता, की गोष्टीतल्या नावाड्याचाच होता, मला अजून कळलेलं नाही. कुणाला विचारू?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब गेल्यावर वैजू म्हणाली, "आईने नव्हतं पाठवलं."

"काय?"

"त्या मुलीला. आईने नव्हतं पाठवलं. आईला शुद्धच नव्हती. मी माझीच गेले होते."

मी वर बघितलं.

"पलीकडच्या गावात बाबांचं कीर्तन होतं. शेवटची होडी निघून गेली होती. मी धक्क्यावर उभी. पलीकडच्या देवळावर कर्णा लावलेला असायचा, तुम्हाला माहितीये ना? पाण्यावरून सगळं ऐकू यायचं. बाबांचा शब्द न् शब्द. लोक हसत होते, मग मुसमुसत होते, तेसुद्धा. मी घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. त्यांचा आवाज मला येत होता आणि माझा तिकडे जात नव्हता." ती थांबली. "सकाळी आले. नारळ आणि उपरणं घेऊन. तोपर्यंत आई गेली होती."

माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं झालं. ते आख्यान बुवांनी माझ्यापुढे किती वेळा म्हणून बघितलं होतं. मी सूर धरायची, मध्ये मध्ये पदांच्या चाली सुचवायची, इथे दिंडी घाला, इथे साकी घाला. आणि ती मुलगी इथे माझ्यासमोर केस मोकळे सोडून बसली होती.

"मला हे त्यांनी कधी…"

"मलासुद्धा कधी काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. आणि तिकडे लोकांपुढे गोष्ट करून सांगत होते." तिचा आवाज चढला. "आणि गोष्टीत तरी काय? तो नावाडी मजेत पलीकडे, त्याला काय पत्ता!"

"नाही गं. त्याला ऐकू येतं."

"काय?"

"आख्यानात नावाड्याला हाक ऐकू येते. ते अगदी ठासून सांगायचे. मीच एकदा म्हटलं होतं, बुवा, एवढी रुंद खाडी, वारा उलटा, पोरीचा आवाज पलीकडे जाईलच कसा? लोक हसतील. तर म्हणाले…"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ऐकू जातं, द्वारकाबाई. उशिरा जातं.'"

वैजूचा हात लागून फणी पलंगावरून खाली पडली.

"मग तो काय करतो, विचारलं मी. होडी फिरवतो का? तर म्हणाले, 'ते अजून सापडत नाहीये. तोवर आपण गजर वाढवू.'"

आधी तिने हनुवटी घट्ट आवळून धरली. मग तिचे खांदे हलायला लागले. आणि मग जे सुरू झालं ते मीनाक्षीसाठीचं रडणं नव्हे. त्याला आवाज होता, आणि तो आवाज लहान मुलीचा होता. पोटच्या पोरीला आईने कसं जवळ घ्यावं, हे मला कुठून ठाऊक असणार? जवळ जावं तर ही झिडकारील. न जावं तर ही एकटी. रडते ती बापासाठी, की आईसाठी, की माझ्यावर चिडून, तेही समजेना. बुवांचा कंठ दाटला की मी काय करायची? मला तेवढंच येत होतं.

मी खोळ काढली. भाता सोडला आणि काळी एकचा षड्ज धरला. नुसता सूर. गजर नाही, शब्द नाही. पेटी इतके महिने बंद. आधी घरघरली, मग लागली. वैजू रडत होती आणि मी भाता हलवत होते. तिचा हुंदका लांबला की मी सूर जरा मोठा करायची, तो बसला की लहान. असा किती वेळ गेला, पांडुरंगाला ठाऊक.

खाली जीपचा हॉर्न वाजला. जिना चढून मिलिंद आल्याचा आवाज झाला, आणि हेमंत बाहेरून म्हणाला, "सासूबाई, मिलिंदराव आलेत हो! सामान खाली घेऊ का?"

मी भाता थांबवला. वैजूने ओढणीने नाक पुसलं, डोळे पुसले. उठताना खाली पडलेली फणी उचलली. दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे न बघता बाहेर सांगितलं, "त्यांना आधी चहा द्या. जेवल्याशिवाय सोडू नका. लांब जायचंय त्यांना, आणि एकट्याने."

बाहेरून हेमंतचा आवाज आला, "मिलिंदराव, आमटी चालते ना? सासूबाईंच्या हातची आहे."

मी देवांचा डबा पुन्हा उघडला. मूर्ती एकेक करून जागेवर मांडताना बाळकृष्ण दोनदा आडवा झाला.

पुढच्या बुधवारी मी घरीच थांबायचं ठरवलं होतं. जखमेवरची खपली अजून ओली, त्यात पुन्हा आपलं तोंड कशाला दाखवा? वैजू चपला घालून दारात उभी.

"चला."

"मी कशाला? मागल्यासारखं झालं म्हणजे?"

"बसस्टँडवर उभी आहे ती अजून. तिला तशीच सोडणार का?"

वाचनालयात आरवाडेकाकूंनी माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. "या, या. आज म्हणणार असाल तर आधी सांगा बाई, म्हणजे मीपण नीट घसा साफ करते." सगळ्या हसल्या, त्या दिवशीचं हसू नव्हतं ते. मागच्या रांगेतल्या एकीने वैजूला विचारलंच, "या तुमच्या कोण हो, ताई?"

वैजू खुणेचं पान शोधत होती. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "साथीला असतात," म्हणाली.

विचारणारीला ते पुरलं की नाही, कोण जाणे. मला मात्र खुर्चीत नीट बसता येईना.

मग ती वाचायला लागली. बसस्टँडवर मीनाक्षी उभी. गाड्या लागतात, सुटतात. शेवटी ती एका गाडीत चढते, आणि आपण कुठे निघालोय ते तिला फाट्यावर गाडी वळल्यावर कळतं. ती त्याच म्हातारीच्या दाराशी येते. म्हातारी आतूनच ओरडते, "एवढा उशीर? आमटी कोण करणार, मी?"

इथे वैजूचा आवाज अडकला. तिने आवंढा गिळला, पुन्हा ओळ धरली, पुन्हा सुटली. आणि तिचा हात वर गेला.

तळवा वर. बोटं जराशी वाकलेली. मनगट सैल.

तो चष्म्याकडे निघाला होता की आणखी कुठे, मला सांगता येणार नाही. चष्मा नाकावर घसरला होता का, तेही माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. एक क्षण मी चूक करायची की नाही यातच अडकले. मग मी टाळी दिली.

"विठ्ठल विठ्ठल…"

आरवाडेकाकूंनी उचललं. त्यांच्यामागून आणखी दोघींनी, मग कपाटांपाशी उभ्या होत्या त्यांनी. मी गजर म्हणत होते आणि या खेपेला माझे डोळे उघडे होते. मी त्या हातावरून नजर हलवली नाही. तो हळूहळू खाली आला. टेबलावर टेकला. पाण्याच्या भांड्याकडे गेला. वैजू दोन घोट पाणी प्यायली, पदराने ओठ टिपले, माझ्याकडे बघून मान हलवली. मी गजर उतरवला.

तिने पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली.